‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ हातोहाती वाचताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही ऐतिहासिक गुन्हेकथा म्हणावी अशी कादंबरी आमच्या वाचक गटामध्ये गेली काही वर्षे एका घरातून दुसऱ्या घरात जात आली आहे. प्रत मागणारे, वाचून पुढे देणारे आणि ती द्यावी की नाही या विचारात असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. या कादंबरीच्या बाबतीत आम्ही दोन पथ्ये पाळतो. तिचा शेवट कोणाला सांगायचा नाही, आणि ती कोठून आली हे कोणापासून लपवायचे नाही. खालची बहुतेक उत्तरे या दोन पथ्यांभोवतीच फिरतात.

ही कादंबरी कोणाची आणि कशाविषयी आहे?

टेलर यांचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. एका व्यापारी पेढीत नोकरी मिळेल या आशेने ते १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी मुंबईत उतरले. पेढीची अवस्था सांगितली होती तशी नाही हे लक्षात आल्यावर ते निजामाच्या फौजेत दाखल झाले आणि त्यांच्या आयुष्यातील बहुतेक वर्षे हैदराबाद संस्थानात गेली. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर आणि नळदुर्ग हा परिसर त्यांच्या खास परिचयाचा होता. निजामाशी झालेल्या १८५३च्या तहानंतर नळदुर्ग जिल्हा काही वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा तेथील कारभार टेलर यांच्याकडेच होता.

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही त्यांची पहिली कादंबरी लंडनमध्ये १८३९ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पकडला गेलेला आणि माफीचा साक्षीदार झालेला अमीर अली नावाचा ठग एका इंग्रज साहेबापुढे बसून आपले सगळे आयुष्य सांगतो, अशी तिची रचना आहे. प्रवाशांच्या तांड्यात मिसळायचे, त्यांचा विश्वास संपादन करायचा, ठरलेल्या जागी रुमालाने गळा आवळायचा आणि प्रेते पुरून पुढच्या मुक्कामाला निघायचे, हा त्याचा व्यवसाय आहे. आपल्या हातून ७१९ खून झाले, असे तो शांतपणे सांगतो आणि मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार पुरे झाले असते, अशी खंतही बोलून दाखवतो. हा आकडा वाचून पुस्तक मिटून ठेवणारे वाचक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी ते पुन्हा उघडावे अशी आमची विनंती असते, कारण कादंबरीचे खरे सामर्थ्य त्या आकड्यात नसून, बोलणाऱ्या माणसाविषयी आपल्याला नकळत आपुलकी वाटू लागते या अस्वस्थ करणाऱ्या अनुभवात आहे.

प्रकाशित झाली तेव्हा ती समकालीनच होती. मग तिला ऐतिहासिक गुन्हेकथा का म्हणता?

आक्षेप रास्त आहे. मात्र १८३९ साली तिच्यातला काळही मागे पडलेला होता. अमीर अली सांगतो ते दिवस पेंढाऱ्यांचे आहेत, चितू पेंढाऱ्याच्या लष्करात तो स्वतः सामील होतो, आणि पेंढाऱ्यांचा मोड १८१७-१८च्या मोहिमेत झाला होता. पेशवाई बुडण्याच्या आगेमागेचे रस्ते, सराया, साहुकारांचे कारवान आणि जकातीची नाकी हे सगळे टेलर यांनी संपत आलेल्या जगाचे चित्र म्हणून रंगवले आहे. आजच्या वाचकासाठी तर ती दोन्ही अर्थांनी ऐतिहासिक आहे.

प्रत कशी मिळते आणि किती दिवस ठेवता येते?

ज्याच्याकडे प्रत असेल त्याला सांगून यादीत नाव घालावे. यादी पुस्तकातच, शेवटच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या पाकिटात असते. मुदत सहा आठवड्यांची ठेवली आहे. आरंभी ती महिन्याची होती, पण तीन खंडांचा मजकूर एकत्र असलेले हे पुस्तक नोकरी आणि घर सांभाळून महिन्यात वाचून होत नाही, हे अनुभवाने कळले. मुदतीत वाचून झाले नाही तर कळवावे आणि आणखी दोन आठवडे घ्यावेत. न कळवता तीन-तीन महिने प्रत अडकून राहते तेव्हा रांगेतील पुढच्या माणसाची उत्सुकता विझते, आणि विझलेली उत्सुकता पुन्हा पेटवणे फार कठीण जाते.

पुढच्या वाचकाला गोष्ट किती सांगावी?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि या कादंबरीच्या बाबतीत त्याचे उत्तर थोडे वेगळे आहे. नेहमीच्या रहस्यकथेत खुनी कोण हे लपवायचे असते. येथे खुनी पहिल्याच पानापासून आपल्यासमोर बसून बोलत असतो, त्यामुळे लपवण्यासारखे काहीच नाही असे वाटण्याचा संभव असतो. तो गैरसमज आहे. कादंबरीच्या अखेरीस अमीर अलीला स्वतःविषयी एक गोष्ट कळते, आणि ती कळते त्या क्षणी आधीची सगळी पाने मागे वळून पुन्हा वाचावीशी वाटतात. ती गोष्ट वाचकाला आधी सांगणे म्हणजे त्याच्या हातातून कादंबरी काढून घेणे होय.

काय सांगावे याची मर्यादा आम्ही अशी आखली आहे. अमीर अली ठग आहे. त्याला वाढवणारा इस्माईल हा त्याचा जन्मदाता नाही, हे वाचकाला सुरुवातीच्याच प्रकरणांत कळते. भद्रीनाथ आणि पीरखान हे त्याचे सोबती आहेत आणि गणेशा जमादाराशी त्याचे कधीच पटत नाही. एवढे सांगण्यास हरकत नाही. इस्माईलच्या नात्यावरून पुढे काय उद्भवते, याविषयी मात्र एक अक्षरही बोलू नये. “शेवट फार भयंकर आहे” असेही म्हणू नये. तेवढ्या शब्दांनीही वाचक सावध होतो आणि प्रत्येक नव्या पात्राकडे संशयाने पाहू लागतो.

एकदा याबाबत आमच्याकडूनच चूक झाली. परत आलेली प्रत मी न चाळताच पुढे दिली. आरंभीच्या प्रकरणातील एका साध्या वाटणाऱ्या तपशिलाखाली आधीच्या कोणीतरी पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती आणि समासात एक लहानसे उद्गारचिन्ह काढले होते. एकही शब्द लिहिलेला नव्हता. तरीही पुढच्या वाचक काकूंनी त्या रेघेवरून सगळा शेवट ओळखला आणि पुस्तक परत करताना एवढेच म्हणाल्या, “अहो, मला हे आधीच कळलं होतं हो.” त्यांच्या आवाजातली हळहळ अजून माझ्या कानांत आहे. तेव्हापासून परत आलेली प्रत पानोपान चाळल्याशिवाय आणि खोडरबर हाताशी घेतल्याशिवाय मी ती पुढे जाऊ देत नाही.

म्हणजे पुस्तकात काहीच लिहायचे नाही का?

लिहावे, पण पुस्तकाच्या अंगावर लिहू नये. मागच्या पाकिटात कोरी कार्डे ठेवलेली असतात. त्यांवर पान क्रमांक घालून हवे ते लिहावे आणि कार्ड घडी घालून पाकिटात उलटे ठेवावे. वाचून झालेल्यानेच ती उघडायची असतात. या कार्डांमधूनच आमच्या गटातील उत्तम चर्चा झाल्या आहेत. नागपूरकडच्या एका वाचकाने कादंबरीतल्या मुक्कामांची रांग लावून त्या काळचा हैदराबादकडे जाणारा रस्ता हाताने काढून ठेवला आहे. तो नकाशा आता प्रतीबरोबरच फिरतो, कारण त्याने काही फुटत नाही आणि वाचन मात्र सोपे होते.

इंग्रजी जुने आहे, वाचताना अडखळायला होते. काय करावे?

पहिली पन्नास पाने मोठ्याने वाचावीत. टेलर यांनी हिंदुस्थानी शब्द त्या काळच्या इंग्रजी कानाला ऐकू आले तसे लिहिले आहेत. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर ते परके वाटतात आणि उच्चारले की लगेच घरचे होतात. जमादार, साहुकार, नाला, रुमाल, पेंढारी, भवानी हे शब्द अशा रीतीने एकेक करून ओळख देऊ लागतात आणि मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा ही कादंबरी अधिक जवळची वाटू लागते.

ठगांच्या सांकेतिक बोलीतील, म्हणजे रामासीतील, थोडे शब्द आधी माहीत असलेले बरे. सोठा म्हणजे गोड बोलून प्रवाशांना जाळ्यात ओढणारा, भुरतोटे म्हणजे प्रत्यक्ष गळा आवळणारा, लुघाई म्हणजे खड्डे खणून प्रेते पुरणारा. बुनिज म्हणजे सावज. हा शब्द ‘बनिज’, म्हणजे व्यापारातला माल, यावरून आला आहे, आणि माणसाला माल म्हणणाऱ्या त्या एका शब्दात ठगांचा सगळा दृष्टिकोन सामावला आहे. झिरनी म्हणजे गळा आवळण्याची खूण, आणि तुपोनी म्हणजे काम फत्ते झाल्यावर गूळ वाटण्याचा विधी. या शब्दांचे टाचण प्रतीसोबत असते.

यातले खरे किती आणि रचलेले किती?

अमीर अली हे पात्र टेलर यांनी प्रत्यक्ष साक्षीदारांच्या जबान्यांवरून उभे केले. १८३०च्या दशकाच्या आरंभी हैदराबादेत ठगांच्या जबान्या नोंदवण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. त्याआधी तुळजापूरकडच्या भागात पोलिसांचे काम पाहत असताना रस्त्यांलगत पुरलेली प्रेते सापडत असल्याचे त्यांच्या कानांवर आले होते. आपण त्या मागावर होतो, पण पलटणीत परत बोलावले गेल्याने तो शोध अर्धवट राहिला, याची चुटपुट त्यांना जन्मभर लागून राहिली. मृत्यूनंतर, १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी ती लिहून ठेवली आहे. ठगांच्या बंदोबस्ताचे श्रेय पुढे जबलपूरचे इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांच्याकडे गेले. स्लीमन यांचा रामासी बोलीवरील ग्रंथ १८३६ साली निघाला होता.

आता जबानी म्हणजे काय, याचा विचार वाचकाने करावा असे आम्ही आग्रहाने सांगतो. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या जबानीवर अवलंबून असतो. जितकी जास्त नावे, जितके जास्त खून आणि जितके जास्त विधी तो सांगेल, तितका तो साहेबाला उपयोगी ठरतो. १८३६च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढाच जन्मठेपेला पुरेसा अपराध ठरवला आणि विशिष्ट गुन्हा सिद्ध होण्याची गरज उरली नाही. अशा व्यवस्थेत साक्षीदार जे बोलला ते साहेबाने आपल्या भाषेत लिहून घेतले, त्यातून कादंबरीकाराने गोष्ट रचली आणि ती आज आपल्या हाती आली. ठगी हा देशभर पसरलेला एकच गुप्त धर्मपंथ होता, हे चित्र आजच्या अभ्यासकांना मान्य नाही. रस्त्यांवर लूट आणि खून होत होते, त्यांत दुष्काळाने, लढायांनी आणि फौजा मोडल्याने बेकार झालेली माणसे होती, एवढे मात्र नाकारता येत नाही. कादंबरी वाचताना या दोन्ही गोष्टी मनात धराव्यात. साहेब जेथे मध्येच बोलतो तेथे थांबून, अमीर अली आता कोणाला खूश करण्यासाठी बोलतो आहे, असा प्रश्न स्वतःला विचारावा. मी स्वतः तसे करून पाहिले तेव्हा दुसऱ्या वाचनात मला जवळजवळ वेगळीच कादंबरी सापडली.

भवानी आमची कुलस्वामिनी आहे. ठग तिचे नाव घेतात हे वाचून दुखावल्यासारखे होते.

ही भावना तुळजापूर, सोलापूर, लातूर या भागांतील अनेक वाचकांनी बोलून दाखवली आहे आणि आम्ही ती हलकी मानत नाही. ठगांच्या टोळ्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही होते आणि दोघेही देवीचे शकुन पाहत, असे कादंबरीत आहे. पण शेतकरी, सैनिक, व्यापारी असे सगळेच त्या काळी घराबाहेर पडताना शकुन पाहत आणि देवीला नवस बोलत. इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र ठगांच्या तोंडी देवीचे नाव आले तेव्हा देवीची भक्ती हेच खुनाचे कारण वाटले. टेलर यांचा स्वतःचा अनुभव याहून मोठा होता, असे म्हणायला जागा आहे. १८६३ साली आलेल्या ‘तारा’ या त्यांच्या कादंबरीत शिवकालातील तुळजापूर आणि तेथील मंदिर आहे, आणि तेथे देवीकडे पाहण्याची त्यांची नजर बरीच आदराची आहे. दुखावलेल्या वाचकांना आम्ही पुढचे पुस्तक म्हणून तीच सुचवतो.

ही कादंबरी विमुक्त समाजातील वाचकाला द्यावी का?

द्यावी, आणि न विचारता, न सांगता नुसती हातात ठेवू नये.

यामागचे कारण सविस्तर सांगावे लागेल. काही माणसे जन्मानेच गुन्हेगार असतात, गुन्हा हा त्यांचा वंशपरंपरागत धंदा असतो, ही कल्पना ठगांच्या बंदोबस्ताच्या काळात सरकारी कागदांत रुजली आणि या कादंबरीने ती इंग्रजी वाचकांच्या घराघरात नेली. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला तेव्हा तीच कल्पना अख्ख्या जमातींना लावली गेली. १९११च्या कायद्याने ती मुंबई इलाख्यातही आली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली गेली, त्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गावाबाहेर जाता येत नसे. त्या वस्तीला आजही लोक ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. शिक्का मात्र पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनातून तितक्या सहजपणे पुसला गेला नाही, हे महाराष्ट्रात राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

म्हणून आमच्या प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी डकवलेली आहे. हे पुस्तक कोणी, कोणत्या पदावर असताना, कोणाच्या जबान्यांवरून लिहिले आणि त्यातील विचारांचा पुढे कोणाला जाच झाला, एवढे तिच्यात सात-आठ ओळींत आहे. चिठ्ठीचा पहिला मसुदा मी लिहिला होता. तो वाचून सोलापूरच्या एका वाचक भाऊंनी, ज्यांचे आजोबा त्या कुंपणाच्या आत वाढले, त्यातला “गुन्हेगार समजल्या गेलेल्या जमाती” हा शब्दप्रयोग खोडला आणि त्या जागी “कायद्याने गुन्हेगार ठरवलेली माणसे” असे लिहिले. ‘समजल्या गेलेल्या’ म्हटले की समजणारा कोण हे अंधारात राहते, असे त्यांचे म्हणणे होते. चिठ्ठीत आज त्यांचेच शब्द आहेत. ती चिठ्ठी काढून प्रत पुढे देऊ नये, ही आमची एकमेव सक्तीची अट आहे.

प्रत अशी पुढे देणे कायदेशीर आहे का? आणि पीडीएफ पाठवली तर?

छापील प्रत वाचायला देणे, भेट देणे किंवा विकणे यात काहीही बेकायदेशीर नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार एकदा विकली गेलेली प्रत ही आधीच वितरणात आलेली प्रत मानली जाते आणि तिच्या पुढच्या प्रवासावर पुस्तकाच्या प्रताधिकारधारकाचे नियंत्रण राहत नाही.

पीडीएफची बाब पुस्तकागणिक वेगळी असते. भारतात प्रताधिकार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. टेलर यांचे निधन १८७६ साली झाले, त्यामुळे त्यांचा मूळ मजकूर केव्हाच सर्वांचा झाला आहे; तो उतरवून घ्यावा, पाठवावा, मोठ्या अक्षरांत छापून आजीआजोबांना द्यावा. मात्र आधुनिक आवृत्त्यांतील प्रस्तावना, टिपा आणि कोणत्याही हयात अनुवादकाचा अनुवाद यांवर स्वतंत्र हक्क असतो. त्यांची स्कॅन केलेली पाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नयेत. आजच्या लेखकांच्या ऐतिहासिक गुन्हेकथांच्या बाबतीत तर हे कसोशीने पाळावे. मराठीत एखाद्या कादंबरीच्या हजार प्रती खपणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, तो लेखकाच्या ताटातला घास असा काढून घेणार नाही. प्रत हातोहात दिली तर ती एका वेळी एकाच्याच हाती असते, आणि आवडली तर तो स्वतःची विकत घेतो. आमच्या गटातील कितीतरी जणांनी फिरती प्रत परत केल्यावर स्वतःची प्रत मागवली आहे.

बाहेरगावी पाठवायची तर टपालाने कशी पाठवावी?

पूर्वीचे रजिस्टर बुक पोस्ट आता बंद झाले आहे. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपयांपर्यंत आहे, कर वेगळा. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, म्हणून कादंबरी तीत घेतली जाईल का हे खिडकीवर आधी विचारावे. न घेतल्यास पार्सलने पाठवावी. गट्ठा बांधताना आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग पुठ्ठा, मग खाकी कागद असा क्रम ठेवावा आणि पुठ्ठा पुस्तकाच्या कोपऱ्यांच्या बाहेर बोटभर राहील असा कापावा. कोपरे वाचले की पुस्तक वाचते. परदेशी राहणाऱ्या वाचकांना प्रत पाठवण्याचा खर्च पुस्तकाच्या किमतीहून अधिक येतो, म्हणून त्यांनी मूळ मजकूर इंटरनेटवरून घ्यावा. चिठ्ठी, शब्दांचे टाचण आणि रस्त्याचा नकाशा आम्ही छायाचित्र काढून पाठवतो.

पावसाळ्यात प्रत भिजली तर?

उन्हात ठेवू नये, इस्त्री फिरवू नये. पुस्तक उभे करून पाने पंख्यासारखी मोकळी करावीत, दर दहा-पंधरा पानांमागे टिपकागद घालावा, तो ओला झाला की बदलावा आणि पंख्याखाली दोन दिवस राहू द्यावे. पाने कोरडी होत आली की सपाट वजनाखाली ठेवावे. कोकणातून एका जुलैत परत आलेली प्रत अशीच वाचवली. तिची पाने आजही थोडी लाटांसारखी आहेत, पण एकही सुटलेले नाही. कसर लागू नये म्हणून पाकिटात कडुलिंबाची वाळलेली पाने ठेवतो.

एकच प्रत अनेकांना एकाच वेळी वाचता येणार नाही का?

ही कादंबरी निघाली तेव्हा नेमकी तशी सोय होती. त्या काळी इंग्लंडमध्ये तीन खंडी कादंबरीची ठरलेली किंमत पुढे पुढे साडेएकतीस शिलिंग अशी रूढ झाली होती आणि ती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. लोक वर्गणी भरून फिरत्या वाचनालयांतून एकेक खंड नेत. १८४२ साली सुरू झालेल्या म्यूडीच्या वाचनालयात वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड मिळे, आणि एका कादंबरीचे तीन खंड एकाच वेळी तीन घरांत वाचले जात. वाचनालयांनीच पाठिंबा काढून घेतल्यावर, १८९४ नंतर, तीन खंडी कादंबरी झपाट्याने संपली. राणी व्हिक्टोरियाने तर ‘कन्फेशन्स’ची मुद्रिते तयार होतील तशी मागवून घेतली, अशी हकिगत सांगितली जाते. तेव्हा अपुऱ्या, सुट्या भागांत वाचण्याची या पुस्तकाला पहिल्यापासून सवय आहे. आजची प्रत एकाच बांधणीत असल्याने आम्ही ती वेगळी करत नाही. ज्यांना थांबवत नाही त्यांनी एकत्र बसून वाचावे. पुण्यात दोन घरांनी मिळून रोज रात्री एक प्रकरण वाचले. एक जण इंग्रजी वाचत असे आणि दुसरा प्रसंग मराठीत सांगत असे, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अमीर अली मराठीत अधिक भीतीदायक वाटला.

वाचनालयांशी तुमचा संबंध आहे का?

औपचारिक संबंध नाही. पण पुस्तक घरापर्यंत नेण्याची वाट महाराष्ट्रात आमच्या आधी अनेकांनी तयार केली आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ पासून शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरवते आणि त्या पेट्या परदेशांतील मराठी घरांतही पोहोचल्या आहेत. आपल्या गावचे वाचनालय चालू असेल तर आधी त्याचे सभासद व्हावे, हे आम्ही प्रत्येक नव्या वाचकाला सांगतो.

मुलांना वाचायला द्यावी का?

पंधरा-सोळा वर्षांच्या आतील मुलांना नाही. त्यापुढे द्यावी, पण घरातील मोठ्या माणसाने आधी किंवा सोबत वाचलेली असावी.

प्रत हरवली तर भरपाई द्यावी लागते का?

नाही. फक्त कळवावे. एकदा एका प्रवासात प्रत गाडीतच राहिली आणि त्या वाचक ताईंनी लाजेपोटी दोन महिने कळवलेच नाही. त्या दोन महिन्यांत रांगेतील नऊ जण ताटकळत राहिले. हरवल्याचे दुःख आम्हाला कमी, ताटकळण्याचे अधिक वाटले. नवी प्रत वर्गणीतून येते.

प्रत अगदी जीर्ण झाली की तिचे काय करता?

शिवण उसवली तर पुन्हा बांधून घेतो. कागदच झिजला, तर पहिल्या पानावरची चिठ्ठी आणि मागचे पाकीट अलगद सोडवून नव्या प्रतीत डकवतो, म्हणजे आधीच्या वाचकांची नावे आणि कार्डे नव्या प्रतीबरोबर पुढे जातात. पहिली प्रत अशी निवृत्त झाली तेव्हा तिच्या यादीत सेहेचाळीस नावे होती. शेवटची तीन एकाच घरातली, आई, मुलगा आणि सून अशी, ओळीने लिहिलेली होती, आणि सुनेच्या नावापुढे तारखेऐवजी “अजून वाचते आहे” असे होते. त्यांचे वाचन होईपर्यंत ती प्रत आम्ही परत मागितली नाही.